तोफेनंतरचा कान

देवळाली कॅम्पातून भगूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना तोफांच्या आवाजाचे नवल उरलेले नसते. सकाळी दुधाचा रतीब येतो, शाळेच्या गाड्या निघतात आणि त्याच वेळेस दूरच्या माळरानावरून एक खोल, छातीत उतरणारा घुमारा येऊन खिडक्यांची तावदाने थरथरवून जातो. नवखा पाहुणा दचकतो आणि घरची माणसे त्याच्यापुढे चहाचा पेला सरकवीत "रेंजवर फायरिंग आहे" एवढेच सांगतात. फाळणीपूर्वी काकूल येथे असलेली तोफखान्याची शाळा १९४७ साली देवळालीस आली, नाशिकरोडच्या छावणीत तोफखान्याचे केंद्र नांदू लागले, आणि या दोन संस्थांच्या आश्रयाने कितीएक गोलंदाज, कोणी परप्रांतांतून आलेले तर कोणी आपल्या सिन्नर-निफाडकडचे, नोकरी संपल्यावर याच पट्ट्यात घरे बांधून स्थायिक झाले. जुन्या मराठी कागदांत तोफ डागणाऱ्यास गोलंदाज म्हणत. क्रिकेटने तो शब्द उचलून नेला असला, तरी आमच्याकडे त्याचा मूळ अर्थ अजून शेजारीपाजारी हिंडताना दिसतो.

आमच्या आळीत असेच एक सेवानिवृत्त हवालदार आहेत. त्यांना सर्व जण नाना म्हणतात. चोवीस वर्षे तोफेपाशी काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान जवळजवळ निकामी झाले आहेत. पत्नी निवर्तली, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. श्रवणयंत्र मिळालेले आहे, परंतु ते लावले की भांड्यांचा खणखणाट आणि माणसाचा शब्द एकजीव होऊन कानात शिरतो, म्हणून ते बहुधा कपाटातच असते. चार वर्षांपूर्वी भर पावसात नाल्याकाठी कुडकुडणारे एक पिल्लू त्यांनी उचलून घरी आणले आणि त्याचे नाव मोत्या ठेविले. या मोत्याला कोणी काही शिकविलेले नाही. तरी फाटकाची कडी वाजली की तो उठतो, नानांच्या लेंग्याचे टोक दातांत हलकेच धरून ओढतो आणि फाटकाकडे मान वळवितो. कुकरची शिटी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत धावत जाऊन परत येतो आणि नाना उठेपर्यंत तीच फेरी पुनःपुन्हा करीत राहतो. आम्हां शेजाऱ्यांना या गोष्टीचे कौतुक वाटे. पुढे वाचनात आले की जगातील काही देशांत नेमके हेच काम करणारे कुत्रे रीतसर शिकवून तयार करतात आणि अपंग माजी सैनिकांच्या घरापर्यंत ते पोचावेत म्हणून तेथील सरकारे खजिन्यातून पैसा खर्ची घालतात. तेव्हापासून मोत्याकडे पाहताना कौतुकापेक्षा निराळा विचार मनात येऊ लागला, आणि तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख.

या विषयाशी देवळालीचा एक जुना आणि क्लेशदायक संबंध आहे. १८६१ साली इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसविला तो मुख्यतः ये-जा करणाऱ्या पलटणींसाठी. ज्यांच्या चाकरीची मुदत संपली असे गोरे शिपाई विलायतेला परतण्यापूर्वी येथे आणून ठेवीत; परंतु सैन्य नेणारी जहाजे मुंबईहून हिवाळ्याच्या सुमारासच सुटत, आणि ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर संपे त्याला पुढील हंगामापर्यंत महिनेच्या महिने या माळावर काहीही काम न करता काढावे लागत. ऊन, हिवताप, दारू आणि रिकामपण यांनी त्यांतील कित्येकांचे चित्त ढळे. अशा शिपायाला त्याचे सोबती "देवळालीचा ताप" झाला म्हणत. आपल्या गावाचे नाव आणि आपला "ताप" हा शब्द त्यांच्या जिभेवर वाकून "डूलाली टॅप" झाला, आणि त्यातील पहिला अर्धा भाग भ्रमिष्ट या अर्थाने इंग्रजी कोशांत कायमचा जाऊन बसला. ज्या काळी मनाला झालेल्या जखमेला वैद्यकात धड नाव नव्हते, त्या काळी तिला आपल्या गावाचे नाव मिळाले. आज वैद्य तिला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. युद्ध संपून वर्षे लोटली तरी रात्री किंकाळी फोडून उठणे, गर्दीत पाठ भिंतीला लावल्यावाचून उभे न राहता येणे, फटाक्याच्या आवाजासरशी जमिनीवर पडणे, आणि हळूहळू घराबाहेर पडण्याचेच सोडून देणे, ही तिची लक्षणे होत. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सैनिकांच्या कुत्र्यांविषयी जो वाद आणि जो खर्च गेली पंधरा-वीस वर्षे चालू आहे, तो अधिककरून याच व्याधीसाठी.

जखमी शिपायाचे पुढे काय, हा प्रश्न मराठी राज्यकर्त्यांना अपरिचित नव्हता. अफझलखानाच्या युद्धानंतर, म्हणजे १६५९ साली, शिवाजीमहाराजांनी काय केले ते कृष्णाजी अनंत सभासदाने नोंदून ठेविले आहे: कामास आलेल्यांच्या मुलांचे चालविले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या स्त्रियांस निम्मे वेतन करून दिले, आणि जखमी झालेल्यांना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन दिले. जखम पाहून रक्कम ठरविण्याच्या या रीतीत आणि आजचे मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे शेकडा प्रमाण ठरवून त्यावर पेन्शनीचा आकडा बसविते त्या रीतीत तत्त्वतः काहीच अंतर नाही. पुढे पेशवाईच्या दप्तरात पडलेल्या शिपायाच्या लेकरांसाठी "बालपरवेशी" या नावाची नेमणूकच आढळते. शब्द अर्धा फारसी, पण त्यामागचा भाव आपल्या मातीतला. स्वातंत्र्यानंतर हा संसार पुष्कळ वाढला: १९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जाऊन निधी गोळा होतो, जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत, अपंगत्वाची पेन्शन आहे, कृत्रिम अवयव आहेत, चाकाची खुर्ची आहे, बाजूला चाके लावलेल्या स्कूटरसाठी अर्थसाहाय्य आहे. ज्याचे अपंगत्व शंभर टक्के ठरले आणि ज्याला दुसऱ्याच्या मदतीवाचून दिवस काढणे अशक्य आहे असे बोर्डाने लिहून दिले, त्यास पेन्शनीच्या जोडीला मदतनिसासाठी निराळा भत्ता मिळतो. कागदांत त्याचे नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, आणि सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, तो दरमहा ६,७५० रुपये झाला. सरकारने येथे एक फार महत्त्वाची गोष्ट कबूल केली आहे. वस्तू देऊन संपत नाही, अपंग सैनिकाच्या पाशी रोजच्या रोज कोणी तरी जिवंत असावे लागते, आणि त्या सोबतीचा खर्च उचलणे हे राज्याचे काम आहे, हे तत्त्व त्या भत्त्याच्या पोटात आहे. तो जिवंत मदतनीस चतुष्पाद असू शकतो, एवढीच काय ती गोष्ट आपल्या दप्तरी अद्याप दाखल झालेली नाही.

अन्यत्र ती दाखल झाली त्यास शंभरावर वर्षे होऊन गेली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने आणि बॉम्बगोळ्यांच्या तुकड्यांनी आंधळे झालेले सैनिक जर्मनीत हजारांनी परतू लागले. त्या वेळी डॉक्टर गेरहार्ड श्टालिंग यांनी एका अंध सैनिकास रुग्णालयाच्या बागेत आपल्या कुत्र्याजवळ थोडा वेळ सोडले, आणि परत येऊन पाहतात तो कुत्रा त्या माणसास सांभाळून घेत आहे, असे सांगतात. कथा खरी असो वा पाठीमागून रचलेली असो, ऑगस्ट १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे त्यांनी अंध सैनिकांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची जगातील पहिली शाळा उघडली हे निश्चित आहे. या तारखेपुढे आपल्याकडील एक तारीख ठेवून पाहण्यासारखी आहे. त्याच युद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या हिंदी शिपायांसाठी मुंबईत १९१७ साली गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल स्थापन केले. तीच संस्था पुढे खडकीस आली आणि आजही अपंग जवानांना हातचे हुन्नर शिकवीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, डेहराडून येथे अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टनचे केंद्र निघाले; ते चालविणारे सर क्लूथा मॅकेन्झी हे स्वतः गॅलिपोलीच्या रणात दृष्टी गमावून बसलेले. त्या केंद्रातून पुढे आपली अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे जर्मनाने आपल्या शिपायाच्या हाती कुत्र्याचा पट्टा दिला आणि आपण आपल्या शिपायाच्या हाती हत्यारे, विणकाम आणि ब्रेल दिले. दोन्ही देणग्या मोलाच्या होत्या. परंतु हुन्नर पोटापाण्याची सोय करतो, रस्ता ओलांडून देत नाही, आणि रात्री तीन वाजता दुःस्वप्नातून उठवीतही नाही.

कुत्रा या कामी नेमके काय करतो, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसल्यामुळे थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. अंधाचा कुत्रा त्याला ओढीत नेतो, ही समजूत चुकीची; मार्ग माणसाच्या डोक्यात असतो, कुत्रा फक्त अडथळा, पायरी, खड्डा आणि वाहन पाहतो आणि थांबतो. त्याच्या शिक्षणातील सर्वांत कठीण धडा आज्ञा मोडण्याचा आहे: धनी "चल" म्हणाला आणि समोरून मोटार येत असली, तर आज्ञेत मुरलेल्या त्या प्राण्याने जागचे हलता कामा नये. बहिऱ्याचा कुत्रा दाराची घंटा, घड्याळाचा गजर, आगीची सूचना ऐकून धन्याला स्पर्शाने कळवितो आणि आवाजाच्या जागी नेऊन पोचवितो. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याचा कुत्रा खाली पडलेली किल्ली उचलून मांडीवर ठेवतो, दार उघडतो, दिव्याचे बटण नाकाने दाबतो. मनाला जखम झालेल्या सैनिकाचा कुत्रा झोपेतील हातपायांची तडफड ओळखून त्याला जागे करतो, गर्दीत त्याच्या आणि परक्या माणसांच्या मध्ये आडवा उभा राहतो, श्वास भराभर होऊ लागला की मांडीवर डोके टेकून अंगाचा भार देतो. यासाठी बहुधा लॅब्रॅडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर जातीची पिल्ले घेतात. सुमारे आठ आठवड्यांचे पिल्लू प्रथम एखाद्या कुटुंबात वर्ष-सव्वा वर्ष वाढते, बाजार, जिने, आगगाडी, लहान मुले यांची त्याला सवय होते; मग कित्येक महिने शाळेत शिक्षण; मग ज्याला द्यायचे त्या माणसाबरोबर काही आठवडे एकत्र तालीम. इतके करूनही मोठ्या संख्येने कुत्री अखेरच्या परीक्षेत नापास होतात, आणि जी उत्तीर्ण होतात ती आठ-दहा वर्षांची झाली की त्यांना विश्रांती द्यावी लागते. तेव्हा हे काम महाग आहे. अमेरिकेत एका कुत्र्यामागे वीस हजार डॉलरांच्या कितीतरी पुढे खर्च जातो तो यामुळेच.

तो खर्च कोणी द्यावा, हा खरा वाद. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला अंध सैनिकांसाठी कुत्री पुरविण्याचा अधिकार कायद्याने १९५८ सालीच मिळाला होता. जानेवारी २००२ मध्ये बहिरे आणि हातापायांनी अधू झालेले सैनिक त्यात आले. पण प्रत्यक्षात खाते कुत्रा देत नाही. तो धर्मादाय संस्था शिकवून विनामूल्य देतात, आणि खाते २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याचा पशुवैद्यकीय विमा आणि साजसामान यांचा खर्च सोसते, तर त्याचे खाणे आणि निगा सैनिकावरच राहते. ज्यांची जखम मनाची, त्यांना त्या नियमांतून स्पष्टपणे वगळले होते. पुरावा नाही, असे कारण दिले होते. पुरावा जमविण्यासाठी काँग्रेसच्या आदेशावरून २०११ मध्ये एक संशोधन सुरू झाले, ते दोनदा बंद पडले, एकदा तर काही कुत्र्यांनी मुलांना चावे घेतल्यामुळे. निष्कर्ष बाहेर यावयास २०२१ साल उजाडले. १८१ सैनिकांना कुत्री दिली गेली होती, निम्म्याहून काही अधिकांना पूर्ण शिकविलेली आणि उरलेल्यांना केवळ सोबतीची. दैनंदिन जीवनातील असमर्थतेच्या बाबतीत दोन्ही गटांत भेद दिसला नाही. मात्र शिकविलेला कुत्रा ज्यांच्यापाशी होता त्यांची व्याधीची लक्षणे थोडी अधिक उतरली आणि आत्मघाताचे विचार कमी आढळले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी एका कायद्यावर सही केली. त्यान्वये पाच ठिकाणी पाच वर्षांचा प्रयोग मंजूर झाला, आणि त्यात व्याधिग्रस्त सैनिकानेच पिल्लाला शिकवावे, शिकविताना स्वतः सावरावे आणि पुढे इच्छा असल्यास तोच कुत्रा आपल्यापाशी ठेवावा, अशी योजना आहे. मला या कायद्यातील ही कल्पना सर्वांत सुंदर वाटते, कारण ज्याला आपण केवळ मदतीचा धनी समजतो त्याला ती पुन्हा उस्ताद बनविते. २०२४ मध्ये १५६ सैनिकांवरील आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांच्या अखेरीस कुत्रा लाभलेल्यांची लक्षणे प्रतीक्षायादीत असलेल्यांहून स्पष्टपणे सौम्य दिसली. ऑस्ट्रेलियाच्या माजी सैनिक खात्यानेही मनोव्याधीसाठी शिकविलेली कुत्री सरकारी खर्चाने देण्याचा उपक्रम चालविला आहे.

अमेरिकेची जुनी व्यवस्था वाचताना मला आपल्या इतिहासातील शिलेदार आणि बारगीर यांची आठवण झाली. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येई; बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे आणि त्याच्या दाणावैरणीचा भारही सरकारवर असे. अमेरिकन सैनिक या बाबतीत शिलेदार आहे: कुत्रा कोठून तरी धर्मादाय मिळवावा, त्याला स्वतःच्या पेन्शनीतून खाऊ घालावे, आणि सरकारने वैद्याचे बिल तेवढे द्यावे. श्रीमंत देशात, जेथे देणग्यांचा ओघ मोठा आहे, तेथे हेही निभावून जाते, तरी प्रतीक्षायाद्या वर्षावर्षांच्या होतात. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी उचलली तर तिचा लाभ कोणालाच होणार नाही, कारण अशी कुत्री तयार करणाऱ्या मोठ्या धर्मादाय संस्था येथे नाहीत आणि नाईक वा हवालदाराच्या पेन्शनीत मोठ्या जातीचा कुत्रा पोसणे सोपे नाही. आपल्याकडे करायचे असेल तर ती बारगिरीच असली पाहिजे: जनावर पागेचे, शिक्षण पागेचे, आणि दाणावैरण दरमहा, त्या मदतनिसाच्या भत्त्यासारखी, कुत्रा जिवंत असेतो. सरकारी खर्चाच्या रकान्यांना एकदा दिली आणि खलास झाली अशी वस्तू रुचते. जे रोज खाते, आजारी पडते, म्हातारे होते आणि मरते, त्याच्यासाठी तरतूद करताना लेखनिकाची लेखणी अडते. घोडदळाच्या काळी ती अडत नव्हती.

आणि पागा नाही असेही नाही. मेरठ येथे लष्कराच्या रिमाउंट आणि व्हेटरिनरी कोअरचे केंद्र आहे. तेथे १ मार्च १९६० पासून कुत्र्यांना शिक्षण देण्याची परंपरा आहे. सुरुंग हुडकणे, माग काढणे, बर्फाखाली दबलेला माणूस शोधणे, ही कामे शिकविणारे उस्ताद तेथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत, आणि जो उस्ताद कुत्र्याला दारूचा वास ओळखावयास शिकवितो, त्याला दाराची घंटा ओळखावयास शिकविणे अवघड जाणार नाही. २०१६ साली मुधोळची कुत्रीही तेथे दाखल झाली; ज्या घोरपड्यांच्या संस्थानात ही शिकारी जात जोपासली गेली त्याच्याशी आपला जुना घरोबा, म्हणून मराठी माणसाला त्या बातमीचा विशेष आनंद झाला. तथापि नजरेने सावज टिपून वाऱ्यासारखा धावणारा तो प्राणी या शांत, चिवट सेवेस योग्य होईल असे मला वाटत नाही. येथे लॅब्रॅडोरच हवा. हेही विसरून चालणार नाही की २०१५ पर्यंत, कामातून गेलेल्या लष्करी कुत्र्यांना मारून टाकण्याची रीत आपल्याकडे होती, आणि लोकांनी आवाज उठविल्यावर ती बदलून दत्तक देण्याची व्यवस्था झाली. जे दप्तर एवढे बदलले ते आणखी बदलू शकेल.

ज्यांना हे कुत्रे द्यावयाचे ते लोकही दूर नाहीत. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून सैनिकांना पाय देत आहे. खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये निघाले. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे, आणि काहींचे मानेखालचे, शरीर निर्जीव झालेले जवान तेथे राहतात. आपले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात अंगावर गोळ्या झेलून असेच अधू झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून त्यांनी भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. शासनाची पद्मश्री त्यांच्यापर्यंत पोचली ती २०१८ मध्ये. असामान्य मनुष्य आपल्या सामर्थ्यावर पोहून पार जातो. पण खडकीच्या केंद्रातून ज्यांना आपल्या गावी, आपल्या घरी जाऊन राहण्याची आस आहे आणि केवळ खाली पडलेली वस्तू उचलून देणारे कोणी नाही म्हणून जाता येत नाही, अशांची संख्या पदके जिंकणाऱ्यांहून नेहमीच मोठी असणार.

अडचणी आहेत, आणि त्या लपविण्यात हशील नाही. नाशिकच्या रविवार कारंज्यावर किंवा सराफ बाजारात डोळस माणसालाही पाय ठेवावयास जागा नसते. जेथे पदपथच नाही तेथे कुत्र्याने अंधाला कोठून न्यावे? मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या ही त्याहून मोठी अडचण, कारण शिकविलेला कुत्रा भांडत नाही आणि गल्लीतली कुत्री परक्या कुत्र्याला सोडीत नाहीत. मे महिन्यात डांबर असे तापते की प्राण्याचे पंजे भाजावेत. विमानात अशा कुत्र्याला नेण्यास नागरी विमानवाहतुकीच्या नियमांत वाट आहे. परंतु आगगाडीत कुत्रा न्यायचा तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे अथवा गार्डाच्या डब्यातली पेटी, हीच सामान्य वाट, आणि मदतनीस पेटीत व धनी शंभर हातांवर दुसऱ्या डब्यात, ही व्यवस्था हास्यास्पद आहे. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा पुष्कळ उदार आहे, पण सेवेच्या कुत्र्याला दुकानात, दवाखान्यात, कचेरीत धन्याबरोबर शिरू द्यावे असे त्यात कोठे लिहिलेले नाही. याच कारणांमुळे आपल्याकडे आरंभ अंधांपासून न करता बहिरे, खुर्चीवरचे आणि मनाने जखमी झालेले यांच्यापासून करावा असे माझे मत आहे. त्यांचा कुत्रा मुख्यतः घरात आणि अंगणात काम करतो. अंधांच्या बाबतीत सातपूरच्या नॅबसारख्या, अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. पांढऱ्या काठीने रस्ता ओलांडणाऱ्यांना रस्त्याची माहिती आपल्यापेक्षा अधिक असते.

घरात कुत्रा घेण्याविषयी जो संकोच आपल्या कुटुंबांत आढळतो, तोही विचारात घेतला पाहिजे. कित्येक घरांत कुत्र्याची जागा ओट्यापर्यंतच. परंतु दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान आहेत, आणि देवळाली कॅम्पातच टेकडीवर ज्याचे देऊळ आहे त्या खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो. त्याचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात आणि त्या भावनेने कोटंब्यातले अन्न खातात. धर्मराजाने स्वर्गाच्या दारात ज्याला टाकून आत जाण्याचे नाकारले, त्याची गोष्ट तर आपण लहानपणीच ऐकलेली असते. ज्या समाजाने निष्ठेचे एवढे मोठे प्रतीक कुत्र्यात पाहिले, तो सेवेच्या कुत्र्याला माजघरात येऊ देईल, याविषयी मला शंका वाटत नाही. फक्त हा कुत्रा शौकाचा नव्हे, नेमणुकीचा आहे, हे त्याला कोणी समजावून सांगितले पाहिजे. पाठीवर सरकारी पट्टा आणि हाती सनद असली की ते काम सोपे होईल.

मागणी मोठी नाही. मेरठने दहा-बारा पिल्ले निवडावीत; देवळाली आणि खडकीच्या छावण्यांतील सैनिक कुटुंबांत ती वाढवावीत, कारण छावणीत रस्ते रुंद आहेत, मोकाट कुत्री कमी आहेत आणि मुलाबाळांनी भरलेली घरे आहेत; कुत्र्यांच्या तुकड्यांत चाकरी करून निवृत्त झालेले उस्ताद त्यांच्या शिक्षणासाठी मानधनावर बोलवावेत; आणि ज्यांना कुत्री द्यावयाची त्यांची निवड वैद्यांनी करावी, वशिल्याने होऊ देऊ नये. पहिली दोन वर्षे हाती काहीच दिसणार नाही, हे मंजुरी देणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. प्रत्येक कुत्र्याच्या खोराकाची आणि वैद्याची रक्कम पेन्शनीबरोबरच दरमहा जमा व्हावी, आणि कुत्रा मेल्यावर दुसरा मिळण्यासाठी त्या माणसाला पुन्हा नव्याने अर्ज, दाखला आणि बोर्ड यांच्या फेऱ्यांतून जावे लागू नये. या शेवटच्या कलमावर मी सर्वांत अधिक भर देईन. मदतीच्या योजना कागदावर उदार असतात आणि खिडकीशी कृपण होतात, याचा अनुभव पेन्शनर माणसाला नव्याने सांगावा लागत नाही. स्वतः नाना एका कार्यालयात आपल्या नावाचा पुकारा ऐकू न आल्यामुळे दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहिले होते, आणि त्यांच्यामागचे तेरा लोक काम आटोपून गेले होते. तेथे मोत्या बरोबर नव्हता. असता तरी त्याला दाराबाहेरच थांबविले असते.

परवा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा रेंजवर गोळाबार चालू होता. नाना पडवीत वर्तमानपत्र वाचीत होते. तो आवाज ज्याने आयुष्यभर स्वतःच्या हाताने काढला त्याच्यापर्यंत आता पोचत नव्हता, मात्र मोत्या खाटेखाली अंग चोरून थरथरत होता. मी फाटकाची कडी काढली. एवढा मोठा धडाका चालू असताना ती बारीकशी कडी त्याने ऐकली. भीतीने दबलेले अंग तसेच ओढीत तो खाटेखालून बाहेर आला, लेंग्याचे टोक त्याने धरले, आणि नानांनी मान वर करून मला पाहताच पुन्हा खाटेखाली जाऊन पडला. नानांनी वर्तमानपत्र बाजूला ठेविले, वाकून हात खाली घातला आणि तो थरथरणाऱ्या पाठीवर ठेवला. "आज फायरिंग आहे काय?" त्यांनी मला विचारले.